टांकसाळीच्या दाराच्या आत की बाहेर?

२७ वर्षं एका सहकारी बँकेच्या काउंटरवर बसून मी चिल्लर मोजली. बोटांनाच वजन कळायला लागतं मग. ढिगात एखादं नाणं वेगळं वाजलं तरी मान वर व्हायची. नाणी जमवायची खोड तिथूनच लागली. आता सोसायटीतली मुलं फोटो पाठवतात, "मावशी, हे लाखाला जाईल का?" बहुतेक वेळा जात नाही. पण का जात नाही, हे एका प्रश्नात सांगता येतं: नाण्यात जे वेगळं दिसतंय ते टांकसाळीच्या दाराच्या आत झालं, की बाहेर? आतल्या चुकीला संग्राहक भाव देतात, बाहेरच्या मोडतोडीला नाही.

आतलं काम असं चालतं. धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात, दाबून त्यांची कड उचलतात, मग वरचा आणि खालचा असे दोन ठसे चकतीवर आदळतात. धातू पसरू नये म्हणून भोवती पोलादी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. नाण्यातली चूक यातल्या कुठल्या पायरीवर झाली ते सांगता आलं तर ती चूक. नाही आलं, तर ते नाणं बहुधा रुळावर ठेवलेलं, हातोडीने ठोकलेलं किंवा कुणीतरी घासलेलं.

हे मी पैसे मोजून शिकले. पुण्याच्या जुन्या बाजारात एकाने मला एक रुपयाचं 'लखी' नाणं दिलं, ८०० रुपयांना. लाखात एक निघतं म्हणून लखी. संग्राहक त्याला ब्रॉकेज म्हणतात. होतं असं की छापलेलं नाणं खाली न पडता वरच्या ठशाला चिकटून राहतं. पुढची चकती येते तेव्हा तिच्यावर ठशाऐवजी त्या अडकलेल्या नाण्याचंच तोंड आदळतं. समजा, सिंहाची बाजू वरच्या ठशावर होती. तर नव्या नाण्याच्या एका अंगाला '१' नीट उठून दिसतो आणि दुसऱ्या अंगाला तोच '१' खोलगट आणि आरशातल्यासारखा उलटा. सिंह कुठेच नाही.

माझ्या नाण्यावर खोलगट उलटा '१' होता खरा. घरी येऊन दहापट भिंगाखाली धरलं, तर त्याच्याखालीच सिंहांच्या आयाळी पुसट दिसत होत्या. म्हणजे आधी पूर्ण छापलेलं नाणं, मग दुसरं नाणं त्यावर ठेवून शिकंज्यात आवळलेलं. शिकंज्याला कॉलर नसते, म्हणून ते साध्या नाण्यापेक्षा किंचित रुंदही भरलं. अस्सल लखीत सिंहाचा मागमूसही राहायला नको.

कड कापल्यासारखं नाणं मिळालं तर कापलेल्या जागेच्या बरोबर समोरची कड बघा. पट्टीतून चकती कापताना आधीच्या भोकावर पंच पडला, की चकतीचा एक घास कमी होतो. मग कड उचलणाऱ्या यंत्रात त्या जागी दाब बसत नाही आणि समोरच्या बाजूची कडही पुसट राहते. कानशीने घासणाऱ्याला हे जमत नाही.

फिरलेला ठसा ओळखणं सगळ्यात सोपं. आपलं आजचं नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटलं की मागची बाजू सरळच दिसते. ती आडवी किंवा उलटी दिसली तर ठसा फिरलाय. थोडीशी तिरकी असेल तर फार हुरळू नका, ती पुष्कळ सापडतात.

चुका नसलेल्या 'चुका' मात्र ढीगभर. सालाखालची खूण ही चूक नव्हे, ती टांकसाळीची ओळख: पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण म्हणजे मुंबईची टांकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. अर्धवट अक्षरांची शिवराईही चूक नव्हे. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून 'श्री राजा शिव'मधलं एखादं अक्षर बाहेर राहणं नेहमीचंच.

आता प्रत, म्हणजे ग्रेडिंग. ते दाराबाहेरच्या आयुष्याचं मोजमाप. व्यापारी एफ, व्हीएफ, एक्सएफ, यूएनसी म्हणतात: एफ झिजलेलं, यूएनसी म्हणजे न वापरलेलं. परदेशी कंपन्या १ ते ७० आकडा देतात. पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयावर मी मुकुटाची नक्षी, कान, भुवई आणि झग्यावरचा हत्ती बघते, कारण उंच भाग आधी झिजतो. (१९११ साली हा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बहुतेक रुपये वितळवले आणि १९१२ला सोंड नीट केली. म्हणून १९११चा रुपया महाग. त्यात टांकसाळीची चूक काही नाही, चित्रकाराची.) मग नाणं बल्बखाली हळू कलवायचं. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चक्राच्या आऱ्यांसारखे फिरतात.

हे आरे आपणच घालवतो. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आजीने रांगोळीने खसाखसा घासलेले रुपये माझ्याकडे आहेत. चकचकीत आहेत, पण भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या हजार रेघा दिसतात, आणि यूएनसीच्या भावाने ते कुणी घेणार नाही. देव्हाऱ्यातली शिवराई चिंचेने उजळवली की तिचा जुना तपकिरी रंग गेला तो गेलाच. काळं पडलेलं नाणं काळंच राहू द्या. माळेतून काढलेला रुपया घेताना वरच्या कडेला कडी जोडताना दिलेल्या डाखाचा डाग आहे का पाहा. कडी काढली तरी तो लपत नाही.

सामान फार लागत नाही. दहापट भिंग, मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा, एक चुंबक. १८३५ ते १९३९चा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजला तर थोडा कमी. चुंबकाला चिकटला तर विषय संपला. नाणं कडेने धरायचं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवं चिकट साचतं.

वैष्णोदेवीच्या २०१२च्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणारा आधी 'नोंदणी फी' मागतो. रिझर्व्ह बँकेने २०२१मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तरी दर महिन्याला कुणीतरी मला तोच मेसेज पाठवतं.

शिकंज्यातलं ते ८०० रुपयांचं नाणं अजून डब्यात आहे, शेजारी एक अस्सल लखी. मुलं आली की दोन्ही पुढे ठेवते, भिंग हातात देते, आणि सिंह शोधायला सांगते.