उरण लोकलच्या फेऱ्या वाढवून हव्यात? अर्ज असा लिहा

खारकोपर ते उरण लोकल १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. त्याआधी आम्हा उरणकरांना एकतर कंटेनरच्या रांगेत अडकलेली बस, नाहीतर भरतीओहोटी बघून सुटणारी मोरा बंदराची लाँच. म्हणून फेऱ्या वाढवायचा अर्ज करताना ‘लोकांचे हाल होतात’ एवढंच लिहू नका. ते सगळेच लिहितात.

आधी माहिती अधिकारात, दहा रुपये भरून, आपल्या स्टेशनवरची महिनावार तिकीट आणि पासविक्री मागवा. मग एकच वेळ धरा. ‘सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान एक गाडी जादा’ असं नेमकं मागणं फाईलीत पुढे सरकतं. ‘भरपूर गाड्या द्या’ तिथेच पडून राहतं. कोणाला लागते तेही लिहा: बेलापूरला कॉलेजला जाणाऱ्या मुली, रात्रपाळीचे कामगार, गुडघे धरून बस चढणाऱ्या आजी.

पर्यावरणाचा मुद्दा घाला, पण जपून. गाडी विजेवर चालते, एका फेरीत शेकडो दुचाकींची माणसं नेते, रस्त्यावरचा धूर तेवढा कमी. मात्र हा पट्टा खाडी-खारफुटीचा आहे. म्हणून मी नेहमी लिहितो, आहे त्याच रुळांवर फेऱ्या वाढवा.

अर्ज सीएसएमटीला विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे, एक प्रत मावळच्या खासदारांना. पोच घ्यायचीच, शिक्क्यासकट.