सोमवारी दुपारी तीन ते पाच

पत्रकारितेचा डिप्लोमा झाला तेव्हा माझ्याकडे दोन संपादकांचे मोबाइल नंबर होते, आणि त्याचा मला केवढा माज होता! दोघांनीही फोन उचलला, दोघंही म्हणाले, "बायोडेटा मेल करून ठेवा." ठेवला. तो अजून तिथेच असेल.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाच्या, कट्ट्यावर चहा प्यायचा, पत्रकार भवनात परिषद संपली की चार ज्येष्ठांना गाठून सेल्फी काढायचा, याला आम्ही 'ओळखी वाढवणं' म्हणायचो. त्यातून कामं मिळतात, नाही असं नाही. कुठे जागा निघाली, कोण सोडून चाललंय हे कळतं. पण बातमी मिळत नाही, आणि बातमी नसलेल्या नवख्याला कोणी उभं करत नाही.

शेवटी एका दैनिकात दोन महिने बिनपगारी इंटर्नशिप मिळाली. तीही डेस्कवर, म्हणजे ऑफिसात बसून आलेला मजकूर नीट करायची. प्रेसनोट कापून सिंगल कॉलम करायची, श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना फुटलेली जोडाक्षरं सांधायची आणि निधनवार्ता लावायच्या. निधनवार्तांचा मला कंटाळा यायचा. त्या कंटाळ्यातच एके दिवशी वडिलांच्या निधनाची चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाचं, खाली सही केलेलं नाव मी मयत म्हणून छापलं.

सकाळी फोन आला. "मॅडम, मी जिवंत आहे."

दुरुस्ती छापूच, पण तू घरी जाऊन ये, असं वृत्तसंपादक म्हणाले. गेले. दारात चपलांचा ढीग, आत भिंतीला टेकून बसलेली आई. काय बोलायचं ते रिक्षात पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. तो गृहस्थच म्हणाला, "बसा, चहा घ्या." निघताना कळलं की तो सरकारी नोकरीत आहे. (कुठल्या कार्यालयात, ते विचारू नका. ओळख पटू नये म्हणून इथेही थोडे तपशील बदललेत.)

महिनाभराने त्यानेच सांगितलं की फायली बघायला माहिती अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस थांबावंच लागतं असं नाही. जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, महापालिका-नगरपालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असं राज्य सरकारचं २०१८ चं परिपत्रक आहे. डिप्लोमाच्या वर्षभरात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी सोमवार धरले. पहिले तीन फुकट गेले. साहेब मीटिंगला, कपाटाची किल्ली नाही, "कशाला पाहिजे?" चौथ्यांदा एका रस्त्याची फाइल हातात आली. डांबरीकरणाचं बिल आणि केबलसाठी खोदाईची परवानगी, दोन्हींच्या तारखांत पुरते दोन महिनेही नव्हते. वहीत उतरवून घेतलं, संबंधित अधिकाऱ्याची बाजू घेतली, रस्त्यावर जाऊन फोटो काढला. बातमी आतल्या पानात आली, पण माझ्या नावानिशी आली.

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा नगरसेवकांच्या फोनवर बीट (नेमून दिलेला बातम्यांचा विषय) चालवणाऱ्या बातमीदारांची पंचाईत झाली. कारकून, शिपाई, टपाल घेणाऱ्या बाई यांना नावाने ओळखणाऱ्यांचं फारसं अडलं नाही. या माणसांकडे बातमी नसेल त्या दिवशीही जा. कागद मागू नका, कुठली फाइल मागायची तेवढं विचारा. त्यांची नोकरी आपल्या बायलाइनपेक्षा, बातमीवर छापून येणाऱ्या नावापेक्षा, मोठी असते.

व्यवहाराचंही आधी बोलून घ्या. मानधन बातमीमागे की महिन्याला, प्रवासखर्च कोण देणार, वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायच्या का? तालुक्याच्या वार्ताहराच्या गळ्यात हे जाहिरातींचं काम हमखास पडतं. लाजून गप्प राहिलात तर वर्षभर पदरमोड कराल. मी केली आहे.

तो गृहस्थ अजून फोन उचलतो. माझा नंबर दिसला की म्हणतो, "हां, मयत बोलतोय. बोला मॅडम."