गोठ्याची वही आणि वळूचा क्रमांक

कोकणात सकाळी दूध संकलन केंद्रावर दोन शेतकरी भेटले, की एकाची गाय बारा लिटर देते आणि दुसऱ्याची आठ, एवढ्यावरच गायींची पारख होते. पहिली गाय आषाढात तिसऱ्या वेताला व्यायलेली असेल आणि बांधावरच्या हिरव्या गवतावर दुधाला चढली असेल. दुसरी पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेली असेल, फाल्गुनात व्यायली असेल आणि चैत्र-वैशाखाचा दमट उष्मा तिने भाताच्या पेंढ्यावर काढला असेल. या दोघींपैकी कोणाची कालवड राखावी, हे त्या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. ते ठरवण्याची रीत मात्र आहे, सहा-सात गायींच्या गोठ्यालाही ती जमते, आणि तिला एक वही, एक काटा आणि महिन्यातला एक दिवस एवढेच लागते.

वहीत प्रत्येक गायीला दोन पाने द्यावीत. वरच्या बाजूला कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, जन्मतारीख, आईचा क्रमांक आणि बापाचा, म्हणजे वळूचा, क्रमांक लिहावा. ‘भारत पशुधन’ या राष्ट्रीय प्रणालीत त्याच १२ अंकांवर गायीची नोंद होते, त्यामुळे बिल्ला पडला आणि नवा लावला, तर जुना व नवा असे दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. त्याखाली माजाच्या तारखा, कृत्रिम रेतनाची तारीख, गाभण तपासणीचा निकाल, व्यायल्याची तारीख, दूध आटवल्याची तारीख आणि दगडी (कासेचा दाह), थायलेरिया (गोचिडांमुळे होणारा ताप) किंवा खुरांचे दुखणे यांसारखे आजार लिहावेत. यातल्या एकाही रकान्यातले काम अवघड नाही, परंतु सर्वांत जास्त वेळा चुकते ते वळूचा क्रमांक लिहिण्याचे. तो रेतमात्रेच्या बारीक कांडीवर छापलेला असतो, आणि रेतन झाल्यावर ती कांडी बहुधा गोठ्याबाहेर फेकली जाते. आमच्या गोठ्यात सुरुवातीची काही वर्षे रेतनाची केवळ तारीख लिहिली गेली. त्या काळातल्या चार गायींचा बाप कोण हे आजही सांगता येत नाही, आणि त्यांच्या दुधाच्या सगळ्या नोंदी वळू निवडण्याच्या दृष्टीने वाया गेल्या. आता रेतन झाल्याबरोबर कांडी धुऊन वहीच्या त्याच पानाला चिकटपट्टीने लावली जाते आणि क्रमांक नंतर सवडीने उतरवला जातो.

दुधाचे माप रोज लिहिण्याची गरज नाही. महिन्यातून एक ठरलेला दिवस धरावा आणि त्या दिवशी प्रत्येक गायीचे सकाळ-संध्याकाळचे दूध वेगवेगळे मोजून लिहावे. वासरू पाजून धार काढण्याची पद्धत असेल, तर वासराने प्यायलेले दूध मापात येत नाही, म्हणून सर्व गायींना एकच पद्धत ठेवावी आणि ती वहीत नमूद करावी. फॅट तपासायची असेल, तर दोन्ही वेळचे दूध त्या त्या वेळच्या मापाच्या प्रमाणात एकत्र करून नमुना घ्यावा, कारण संध्याकाळच्या दुधात फॅट सहसा जास्त भरते आणि एकाच वेळच्या नमुन्याने गायीचे चित्र चुकीचे उमटते.

अशा दहा नोंदी झाल्या, की ३०५ दिवसांच्या वेताचे, म्हणजे एकदा व्यायल्यावरच्या पूर्ण दूधकाळाचे, दूध काढता येते. समजा, एका गायीच्या दहा महिन्यांच्या नोंदी ९, ११, १०.५, १०, ९, ८, ७.५, ६.५, ५.५ आणि ४ लिटर अशा आहेत. त्यांची बेरीज ८१ होते, तिला ३०.५ दिवसांनी गुणले, की सुमारे २,४७० लिटर येतात. शिखरावरचे ११ लिटर सांगणारा शेतकरी आणि वेताचे २,४७० लिटर सांगणारा शेतकरी एकाच गायीविषयी बोलत असतात, पण पैदाशीच्या कामाला दुसराच आकडा उपयोगी पडतो.

हा आकडा कोणत्या गायींच्या शेजारी ठेवायचा, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. पहिलारू गायीची तुलना पहिलारू गायींशीच करावी. ज्या गायी एकाच हंगामात व्यायल्या आणि ज्यांना एकाच प्रकारचा चारा-पेंड मिळाली, त्यांची सरासरी काढून प्रत्येकीचा त्या सरासरीपासूनचा फरक लिहावा. कोकणात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण हिरवा चारा पावसाळ्यात मुबलक असतो आणि पुढे ज्याच्या बागेत पाणी आहे त्याच्याकडेच नेपियर गवत उरते. सहा गायींत सोबतिणी, म्हणजे अशा तुलनेजोग्या गायी, पुरेशा मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे. त्यावर उपाय म्हणजे गावातल्या चार-पाच गोठ्यांनी एकाच तारखेला दूध मोजावे आणि प्रत्येकाने आधी आपल्या गोठ्याच्या सरासरीपासूनचा फरक काढून मग ते फरक एकत्र मांडावेत. वेगवेगळ्या गोठ्यांतले थेट लिटर एकत्र मांडले, तर गायीऐवजी मालकाच्या पेंडीची तुलना होते.

आता फरकाचा अर्थ पाहू. एकाच गोठ्यातल्या गायींच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव हिस्साच आनुवंशिक असतो. उरलेला चारा, आरोग्य, व्यायण्याची वेळ आणि नशीब यांचा असतो. म्हणून एखादी गाय एका वेतात सोबतिणींपेक्षा ४०० लिटर वर असेल, तर तिचे अंदाजी पैदास मूल्य, म्हणजे आनुवंशिक गुणामुळे सरासरीपेक्षा येणारे दूध, अधिक १०० लिटर धरावे. तिच्या वासराला त्यातला निम्मा वाटा, म्हणजे ५० लिटर, मिळण्याची अपेक्षा असते. तीन वेतांत सरासरी ४०० लिटरांचा फरक टिकला, तर विश्वास वाढतो आणि अंदाज १५० लिटरांच्या आसपास जातो, म्हणजे वासराचा वाटा ७५. याउलट, अनेक मुलींच्या दुधावरून ज्याचे पैदास मूल्य अधिक ५०० लिटर ठरले आहे, अशा वळूकडून प्रत्येक मुलीला सरासरी २५० लिटर मिळतात. गोठ्यातली सर्वोत्तम गाय जे देते, त्याच्या तिप्पट-चौपट एका चांगल्या रेतमात्रेतून येते. सुधारणा वळूच्या बाजूने होते आणि वहीमुळे ती कोणत्या गायींवर घडवायची हे कळते, असा या दोन्हींचा संबंध आहे.

वळूच्या माहितीपत्रकात मातेचे दूध ठळक अक्षरांत दिलेले असते. त्यावर भाळून वळू निवडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मातेचे दूध हा मातेचा आकडा आहे, त्यात तिच्या खुराकाचाही वाटा आहे. पाहायचे ते वळूचे पैदास मूल्य आणि त्याची विश्वासार्हता. दुधासाठी वर सांगितलेला पाव हिस्सा धरला, तर विश्वासार्हतेचा ठोकळ हिशेब असा बसतो: नोंद झालेल्या मुलींची संख्या, भागिले तीच संख्या अधिक १५. पंधरा मुली असतील तर ५० टक्के, साठ असतील तर ८० टक्के. ज्या तरुण वळूला अजून मुलीच नाहीत, त्याचा केवळ आईबापांवरून काढलेला अंदाज ५० टक्क्यांपुढे जात नाही. म्हणून एकाच वळूवर सगळा गोठा न सोपवता दोन-तीन वळू वाटून वापरावेत. दोन वेगवेगळ्या संस्थांच्या यादीतले आकडे मात्र एकमेकांशी ताडू नयेत, कारण प्रत्येकीचे शून्य, म्हणजे तुलनेसाठी धरलेली सरासरी, वेगळ्या ठिकाणी असते.

कोणत्या गुणासाठी निवडायचे, हे ठरवताना लिटरच्या पलीकडे पाहावे लागते. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) धरून ठरतो, आणि होल्स्टीन या विदेशी जातीच्या संकराचे पातळ दूध त्याच्या खाली आले, की जास्तीच्या लिटरांचा फायदा दरात जातो. शिवाय किनाऱ्यावरची दमट हवा आणि गोचीड होल्स्टीन रक्ताला सोसत नाहीत. माझ्या मते इथे जर्सी संकर अधिक योग्य आहे: शरीर लहान, चारा कमी, फॅट जास्त. विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास ठेवावे. निम्म्या संकराच्या गायीला पुन्हा शुद्ध विदेशी वळूचे रेत भरले, की कालवड ७५ टक्क्यांवर जाते, आणि तिला पंखा, पाणी आणि डॉक्टर यांची गरज आईपेक्षा बरीच जास्त लागते. त्यापेक्षा निम्म्या रक्ताच्या, संतती परीक्षण झालेल्या, म्हणजे मुलींच्या दुधावरून पारखलेल्या, संकरित वळूचे रेत मागावे.

ज्यांच्याकडे कोकण कपिला ही देशी गाय आहे, त्यांनी दुधाच्या लोभाने तिचा सरसकट संकर करू नये. ही आता राष्ट्रीय स्तरावर नोंदलेली स्वतंत्र जात आहे, डोंगरउतारावर चरून आणि मुसळधार पाऊस सोसून टिकलेली. तिच्यासाठीही हीच वही ठेवावी. फक्त दुधाबरोबर दोन वेतांतले अंतर आणि बैलाची कामाची क्षमता यांचे रकाने वाढवावेत, आणि वळू गावातल्याच चांगल्या गायीचा, पण नात्याबाहेरचा निवडावा.

गाय वारंवार उलटत असेल, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येत असेल, तर दोष लगेच रक्ताला देऊ नये. प्रजननाच्या गुणांत आनुवंशिक वाटा फारच थोडा असतो. पावसाळ्यात गुरे दिवसभर बांधलेली राहतात आणि मुका, म्हणजे बाहेरून न दिसणारा, माज नजरेतून सुटतो. तेव्हा आधी पहाटे आणि रात्री असे दोनदा निरीक्षण, खनिज मिश्रण आणि रेतनाची वेळ तपासावी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा जुना नियम अजूनही खरा आहे. कासेचा आकार आणि सडांची ठेवण यांच्यात मात्र आनुवंशिक वाटा बराच असतो, आणि ओल्या गोठ्यात लोंबती कास दगडीला आमंत्रण देते, म्हणून वळू निवडताना त्याच्या मुलींची कास जरूर विचारावी.

नात्यातले रेतन टाळण्यासाठी वळूचा क्रमांक पुन्हा कामाला येतो. रेतन करणाऱ्याच्या पात्रात अनेकदा दोन-तीनच वळूंच्या मात्रा असतात आणि त्या वर्षानुवर्षे तशाच येत राहतात. बापाचेच रेत मुलीला भरले, तर वासरातले अंतःप्रजनन (नात्यातल्या मिलनाचे माप) २५ टक्के होते. एकाच बापाच्या, पण वेगवेगळ्या आयांच्या भावंडांचे १२.५ टक्के. म्हणून प्रत्येक गायीच्या पानावर तिच्या बापाचा क्रमांक लाल शाईने लिहावा, आणि गोठवलेली कांडी वितळवण्यापूर्वी तो ताडून पाहावा.

जनुकीय चाचणीचा मार्गही आता खुला होत आहे. गायींसाठीची ‘गौचिप’ ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते सादर झाली. या चाचणीत वासराच्या रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यातील हजारो जनुकीय खुणा वाचल्या जातात आणि ज्यांचे दूध प्रत्यक्ष मोजलेले आहे, अशा गायींच्या खुणांशी त्या ताडून पैदास मूल्याचा अंदाज काढला जातो. त्यामुळे वळूच्या मुली दुधात येण्याची काही वर्षांची वाट वाचते. परंतु तो अंदाज मोजलेल्या गायींवरच उभा असतो. कोकणातल्या गोठ्यांतले दूध मोजून प्रणालीत गेलेच नाही, तर इथल्या हवेत कोणते रक्त टिकते हे त्या गणिताला कळण्याचा मार्ग नाही.

लिंगविनिश्चित, म्हणजे कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडून घेतलेल्या, रेतमात्रेतून सुमारे ९० टक्के कालवडी मिळतात, पण गर्भधारणेचे प्रमाण साध्या मात्रेपेक्षा कमी असते. ती वहीत वरच्या क्रमांकावर असलेल्या, माज स्पष्ट दाखवणाऱ्या गायींना आणि निरोगी कालवडींनाच भरावी. उलटणाऱ्या गायीवर खर्च करू नये. आज भरलेल्या रेताची कालवड साधारण सव्वानऊ महिन्यांनी जन्मते, अडीच-पावणेतीन वर्षांनी पहिल्यांदा विते आणि त्यानंतर दहा महिन्यांनी तिचे पहिले वेत पुरे होते, म्हणजे वळू योग्य निवडला की नाही हे कळायला चार वर्षांहून अधिक काळ जातो. तेव्हा त्या वळूच्या मुलींचा सोबतिणींपासूनचा फरक एका कागदावर मांडावा, वजा आलेल्या वळूच्या क्रमांकावर रेघ मारावी आणि पुढच्या रेतनापूर्वी तो कागद रेतन करणाऱ्याच्या हाती द्यावा.