सर्जरीनंतरची भूक आणि प्रोटीन : या चुका टाळा

माझी स्लीव्ह, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर कापून लहान करण्याची सर्जरी, होऊन चार वर्षं झाली. पहिले तीन महिने अन्नावरची वासनाच उडाली होती, ताट समोर आलं तरी नको वाटायचं, आणि मग दीडेक वर्षाने एका दुपारी कडकडून भूक लागली तेव्हा मी चक्क रडले, वाटलं पोट परत मोठं झालं, सगळं पाण्यात गेलं. दोन्ही वेळा माझं चुकलंच. आधी भूक नाही म्हणून खाल्लं नाही आणि नंतर भूक आली म्हणून भीतीने जेवण अजून कमी केलं, म्हणजे दोन्हीकडे फक्त भुकेकडे बघत बसले, शरीराला काय लागतंय ते बघितलंच नाही. सर्जरीनंतर बराच काळ भूक एक सांगते आणि शरीराला हवं असतं दुसरंच. हे आधी नीट कळलं असतं तर खूप त्रास वाचला असता, म्हणून सविस्तर लिहितेय.

"भूकच नाही, मग कशाला खाऊ?"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, त्यात वरचा फुगीर भागही जातो, आणि भुकेचं हार्मोन म्हणजे घ्रेलिन जास्त करून तिथेच तयार होतं, त्यामुळे भूक मरते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये, म्हणजे जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडण्याच्या सर्जरीत, तो भाग काढत नाहीत पण अन्न पटकन लहान आतड्यात पोचतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी हार्मोन्स जेवणानंतर भरपूर सुटतात. म्हणजे भूक गेली ती हार्मोन्समुळे, शरीराची गरज काही कमी झालेली नसते. प्रोटीन रोज किमान ६० ग्रॅम लागतंच, बहुतेकांना ६० ते ८० सांगतात, काहींना आदर्श वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत, आणि आतड्याचा मोठा भाग वगळणाऱ्या सर्जरीत त्याहून जास्त. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील, स्वतःहून वाढवू नका.

ते मिळालं नाही की शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं. आणि यात फसायला होतं कारण वजनकाटा तर भराभर खाली येत असतो, चरबी गेली की स्नायू गेले ते काटा सांगत नाही. मला कळलं ते जमिनीवरून उठताना. खाली बसून कपाट आवरत होते आणि उठायला गेले तर मांड्यांत जोरच नाही, एक हात फरशीवर टेकला, दुसऱ्या हाताने कपाटाची कड धरली तेव्हा कशीबशी उभी राहिले. त्याच आठवड्यात वजन छान उतरलं म्हणून मी खूश होते. डाएटिशियनने रोजचं खाणं लिहिलेली वही मागितली, माझ्यासमोर बेरीज केली, दिवसाचं प्रोटीन ३२ ग्रॅम.

तेव्हापासून मी घड्याळावर खायला लागले. दर तीन तासांनी अलार्म, वाजला की दोन घास का होईना प्रोटीनचे. सुरुवातीच्या पातळ आहाराच्या आठवड्यांत पूर्ण आकडा गाठणं जड जातं, तेव्हा पाणी आधी आणि प्रोटीन रोज थोडं थोडं वाढवत नेणं, एवढं जमलं तरी पुष्कळ.

अंदाजाने हिशोब

"मी तर प्रोटीनच खाते" असं म्हणणाऱ्या निम्म्या जणांनी कधी ताटातल्याचं वजन करून बघितलेलं नसतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, बस. पाव लिटर दुधात ८. साध्या दह्यात १०० ग्रॅममागे साडेतीनच्या आसपास, पाणी काढून घट्ट केलेल्यात मात्र १० च्या आसपास. शिजलेल्या घट्ट डाळीत १०० ग्रॅमला ९, पण वरचं पातळ पाणी प्यालात तर त्यात जवळपास काहीच नाही, गाळलेल्या सूपचंही तेच. शिजलेल्या चिकनच्या १०० ग्रॅममध्ये ३० असतं हे खरं, पण तुमच्या पोटात ४० ग्रॅम चिकन मावतंय, म्हणजे हिशोब १२ चाच धरायचा. पीनट बटर लोक प्रोटीन म्हणून खातात, दोन मोठे चमचे घेतले तर ७-८ ग्रॅम प्रोटीन आणि जवळजवळ १९० कॅलरीज, मला तरी तो सौदा पटत नाही.

कोलॅजेन पावडरचं वेगळं सांगायला हवं कारण केस गळायला लागले की सगळे तिकडेच धावतात. त्यात ट्रिप्टोफॅन नावाचं एक आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे ते पूर्ण प्रोटीन नाही, रोजच्या ६० मध्ये मोजू नका. आणि केसांचं म्हणाल तर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतातच बऱ्याच जणांचे, सर्जरीचा धक्का आणि झपाट्याने उतरलेलं वजन ही मोठी कारणं, प्रोटीन व्यवस्थित असूनही गळतात, बहुतेकांचे परत येतात. फारच गळत असतील तर लोह, झिंक वगैरे तपासून घ्या.

आठवडाभर तरी छोटा किचन काटा वापरा. मग डोळ्याला सवय होते.

घाई, कोरडा घास आणि जेवताना पाणी

माझा एक संध्याकाळचा प्रसंग सांगते. आदल्या दिवशीचं चिकन मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं, कोरडं झालं होतं, फोनवर बोलता बोलता दोन मोठे घास गिळले. तिसऱ्या घासाला छातीच्या हाडामागे दगड ठेवल्यासारखं झालं, तोंडात फेसाळ लाळ सुटायला लागली, बसवेना, आडवं पडवेना, बेसिनपाशी वाकून पाऊण तास काढला. वरून पाणी प्याले की खाली उतरेल असं वाटलं आणि ते तर फारच वाईट, पाणीही वरच अडकलं. अडकलं की काहीही खायचं-प्यायचं नाही, सरळ उभं राहायचं, हळूहळू चालायचं. बहुतेक वेळा उतरतं किंवा उलटून पडतं, तासन्‌तास उतरलं नाही आणि स्वतःची थुंकीही गिळता येईना तर हॉस्पिटल गाठायचं.

तेव्हापासून मांस, मासे जे काही असेल ते रसदार, बारीक तुकडे, करंगळीच्या नखाएवढा घास, चावून चावून लगदा होईपर्यंत. जेवायला वीस ते तीस मिनिटं. पोट भरल्याची खूण पण आता वेगळी असते, कुणाला एकदम उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं, कुणाला खोल उसासा येतो. ती खूण आली की थांबायचं, ताटात एकच घास उरला असला तरी.

ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा उरली तर बाकीचं. आधी भात-ब्रेड खाल्लंत तर प्रोटीनला जागाच राहत नाही, गणित सोपं आहे. पाणी जेवणासोबत नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही, पण बाकी दिवसभर घोट घोट करत दीड लिटर तरी गेलंच पाहिजे.

शेकवरच दिवस काढणं

पहिल्या महिन्यात प्रोटीन पावडरचा शेक म्हणजे आधारच, एका स्कूपमध्ये २० ते २५ ग्रॅम मिळतं आणि त्यासाठी चावावं लागत नाही. पण पुढे घन आहाराची परवानगी मिळाल्यावरही काही जण शेकलाच चिकटून राहतात आणि मग म्हणतात तासाभरात भूक लागते. लागणारच, पातळ पदार्थ पोटात थांबत नाही, सरळ निघून जातो. तेच २० ग्रॅम मासे किंवा चिकनमधून खाल्लंत तर तीन-चार तास शांत जातात. शेक आता कमी पडलेले ग्रॅम भरून काढायला ठेवा.

शेक प्यायल्यावर गुडगुड, गॅस, जुलाब होत असतील तर लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर पचत नसेल, बायपासनंतर हे अचानक सुरू होतं, अशा वेळी व्हे आयसोलेट (लॅक्टोज जवळपास काढून टाकलेलं दुधाचं प्रोटीन) किंवा सोया-वाटाण्याचं प्रोटीन घेऊन बघा. पावडर उकळत्या सूपमध्ये टाकू नका, गाठी होतात, कोमट झाल्यावर थोड्या सूपमध्ये कालवून मग मिसळा.

प्रत्येक कळ म्हणजे भूक नव्हे

इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

ऑपरेशननंतर पहिल्याच आठवड्यात पोटात कुरतडल्यासारखं, आग पडल्यासारखं होतं आणि माणूस घाबरतो की मला भूक लागतेय म्हणजे सर्जरी फसली. बरेचदा ते अ‍ॅसिड असतं. त्यासाठीची गोळी बहुतेकांना काही महिने दिलेली असते आणि "आता बरं वाटतंय" म्हणून ती आपण मधेच सोडतो. खाल्ल्यावर तेवढ्यापुरतं शांत होऊन परत जळजळ सुरू, असं चाललं असेल तर डॉक्टरांना सांगा. बायपास झालेल्यांनी जास्तच, कारण जठर आणि आतड्याच्या जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो, आणि सिगारेट किंवा आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर चालू असतील तर तो धोका खूप वाढतो.

दुसरी तहान. आधी चार-पाच घोट पाणी, पंधरा मिनिटं थांबा. माझी दुपारी चारची "भूक" जवळपास रोज यातच मिटायची.

तिसरी गोष्ट साखरेची. गोड किंवा मैद्याचं खाल्ल्यावर तासा-तीन तासांनी हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, डोकं हलकं होतं आणि आत्ताच्या आत्ता काहीतरी खावं अशी तगमग होते. हे उशिराचं डंपिंग, रक्तातली साखर खाली गेलेली असते. तेव्हा थोडी साखर घेऊन लगेच मागून प्रोटीन खा, आणि हे परत परत होत असेल तर सर्जरीच्या टीमला कळवा. डायबेटिसचं इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर सर्जरीआधीचा डोस आता जास्त होत असतो, साखर मोजा आणि त्याच दिवशी फोन करा.

आणि चौथी, डोक्यातली भूक. पोट गप्प असतं, पण तोंड चाळवायला काहीतरी हवं असतं. कंटाळा, भांडण, टीव्ही, रात्रीची शांतता. ही ओळखायला मी स्वतःला एकच प्रश्न विचारते : आत्ता उकडलेलं अंडं चालेल का? चालेल तर खरी भूक, उठून अंडं खाते. नको, काहीतरी कुरकुरीतच हवंय असं उत्तर आलं तर भूक नाहीये. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, इतकी वर्षं दुःखात आणि आनंदात खाण्यानेच साथ दिली होती, ती सवय ऑपरेशनमध्ये कापली जात नाही. मी तेव्हा बहिणीला फोन लावते. कधी कधी तरीही खाते, पण मग बशीत काढून, बसून.

पाकिटातून उभ्या उभ्या खाणं मात्र कटाक्षाने बंद केलं. बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम लाळेत विरघळून सरकन खाली जातात, पोट भरल्याची खूण येतच नाही, आणि दिवसभर असं थोडं थोडं चालू राहिलं की पोट लहान असूनही वजन परत येतं.

भूक परत आली की घाबरून उपास

सहा महिने ते दीड वर्ष, या दरम्यान बहुतेकांची भूक कमी-जास्त परत येते, आणि पोट ताणलं असा त्याचा अर्थ लगेच काढू नका. मी उलटं केलं, जेवण निम्म्यावर आणलं, आणि रात्री अकराला फ्रिजसमोर उभी. जेवणं नेमकी करा, प्रत्येक जेवणात २० ग्रॅमच्या आसपास घन प्रोटीन, जोडीला आता चालत असेल तेवढी भाजी, आणि वजन उचलण्याचे व्यायाम सुरू करा कारण नुसत्या प्रोटीनने स्नायू टिकत नाहीत. झोप कमी झाली की भूक वाढते, हेही बघा. एवढं करूनही भूक आवरत नसेल तर टीमकडे जा, भूक कमी करणारी औषधं आहेत आणि ती मागणं म्हणजे हार नाही.

वाट बघू नये अशा गोष्टी

पायावर सूज, सतत थकवा, काळी शौच, जेवल्यावर पोटात जोरात दुखणं, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. आणि उलट्या. दोन-तीन दिवस पोटात काही ठरत नसेल तर प्रोटीनचा विचार सोडा, शरीरातला बी१ म्हणजे थायामिनचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो आणि उलट्यांत तो संपतो. चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ, ही त्याची लक्षणं, मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थेट इमर्जन्सीत जा, बायपास किंवा स्लीव्ह झाली आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायामिन द्याल का असं विचारा. हे घरातल्या माणसालाही सांगून ठेवा, कारण त्या वेळी तुम्हाला बोलता येईलच असं नाही.