जुनी ट्रॉफ फाइल आजच्या ग्रॉफवर कशी चालवावी

ट्रॉफ म्हणजे मजकूर छपाईसाठी मांडून देणारा प्रोग्रॅम. बेल लॅब्जमध्ये जो ओसान्ना यांनी तो लिहिला तो कॅट नावाच्या एकाच फोटोटाइपसेटरसाठी, म्हणजे प्रकाशाने अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रासाठी. १९७७ मध्ये ते वारले. पुढे ब्रायन कर्निहॅन यांनी ट्रॉफ वेगवेगळ्या यंत्रांवर चालेल असा केला आणि १९९० मध्ये जेम्स क्लार्क यांचा ग्रॉफ, म्हणजे ट्रॉफचंच नव्याने लिहिलेलं रूप, आला. दर वेळी नियम थोडे बदलले. त्यामुळे जुन्या फाइलचं आउटपुट विचित्र आलं तरी मजकुराला लगेच हात लावू नका. आधी ग्रॉफलाच जुन्या नियमांनी वाचायला लावा.

फाइलची एक प्रत करून घ्या आणि तिच्यात काय काय वापरलंय ते पाहा. ओळीच्या सुरुवातीला टिंब आणि टीएस दिसलं तर तक्त्यांसाठीचा टीबीएल हा जोडप्रोग्रॅम लागेल, ईक्यू दिसलं तर समीकरणांसाठीचा ईक्यूएन, पीएस दिसलं तर आकृत्यांसाठीचा पिक. ग्रोग ही कमांड फाइल वाचून या सगळ्या पर्यायांसह ग्रॉफची कमांड स्वतःच सुचवते. तिचा अंदाज बहुधा बरोबर असतो, तरी तिने मॅक्रोंचा, म्हणजे मांडणीच्या तयार आज्ञांचा, कोणता संच निवडलाय ते डोळ्यांखालून घालाच.

आता ग्रॉफच्या त्या कमांडला उणे आणि मोठा सी (-C) जोडा. खरी मेख इथेच आहे. जुन्या ट्रॉफमध्ये नावं फार तर दोन अक्षरांची असत, म्हणून टिंबानंतर ‘डीएसएबीसीडी’ असं सलग लिहिलं तरी तो ‘डीएस’ ही आज्ञा समजून ‘एबी’ नावाच्या स्ट्रिंगमध्ये (मजकुराच्या साठवलेल्या तुकड्यात) ‘सीडी’ ठेवी. ग्रॉफमध्ये लांब नावं चालतात. तो त्याच ओळीत ‘डीएसएबीसीडी’ नावाचा मॅक्रो शोधतो, तो सापडत नाही, आणि ओळ गुपचूप गळते. एररसुद्धा येत नाही! मोठा सी दिला की जुना अर्थ परत येतो. मात्र खास ग्रॉफसाठी लिहिलेल्या फाइलला हा पर्याय देऊ नका, तिथली लांब नावं मोडतील.

उणे आणि दोन लहान डब्ल्यू (-ww) देऊन पुन्हा चालवा. सगळ्या वॉर्निंग दिसू लागतील.

तरीही ओळी चिरडलेल्या दिसल्या तर मापं तपासा. कॅटवर एका इंचात ४३२ एकक होते, ग्रॉफच्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या आउटपुटमध्ये ७२,००० आहेत. ओळीची लांबी २५९२ एकक लिहिली असेल तर कॅटवर ती ६ इंच होई. आज तेवढ्यात एक अक्षरही मावणार नाही. अशा जागी मात्र मजकूर बदला आणि माप थेट इंचात लिहा. ते जुन्या-नव्या दोन्हींना कळतं.