ऑटोपायलट आपोआप सुटायचा तेव्हा

रात्री जेवणं झाली की जालन्यातल्या घरी बसून कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (विमान उडवायच्या खेळात) मुंबईहून चिकलठाणा विमानतळावर ए३२० हे प्रवासी विमान उतरवायचं, हा माझा छंद. पण महिनाभर एकच रडगाणं: धावपट्टी दिसायला लागली की कर्कश इशारा आणि ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप चालवणारी यंत्रणा, बंद!

सिम्युलेटर दोनदा नव्यानं टाकला. त्यातही मधेच लाइट गेली. शेवटी सेटिंगमध्ये जॉयस्टिकची दांडी कुठे आहे ते दाखवणारा ठिपका बघितला, तर हात न लावताच थरथरतोय. खऱ्या ए३२०मध्ये ऑटोपायलट चालू असताना साइडस्टिक (पायलटच्या बाजूची दांडी) अडकून राहते, चांगला जोर लावला तरच सुटते. घरच्या जॉयस्टिकला तसली अडकण नाही. ठिपका उडाला की सिम्युलेटरला वाटतं, पायलटनं हात घातला.

जॉयस्टिकचं बूड उघडलं. दांडी किती वळली ते मोजणाऱ्या पोटेन्शियोमीटरपाशी उन्हाळ्याची सगळी धूळ. (बायको म्हणाली, "तरी म्हणत होते, झाकून ठेवा.") केबल काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे फटीतून मारले, दांडी वीसेक वेळा गरगर फिरवली, अर्धा तास वाळू दिलं. मग डेड झोन, म्हणजे दांडीची जेवढी हालचाल सिम्युलेटरनं सोडून द्यायची तेवढी, ५ टक्के. १५ ठेवून पाहिला होता, पण मग उतरताना नाक वेळेवर उचलत नाही.

काल ५०० फुटांवर ऑटोपायलट मीच काढला. धावपट्टी २७. टेकलं जरा आदळूनच.