परागकण मोजायला बसण्याआधी

तळ्याच्या गाळात साठलेले परागकण मोजून तिथे पूर्वी कसलं रान होतं ते शोधायचं, हा माझा विषय. पण माझा पहिला गाळ फुकट गेला. आंबा घाटाजवळच्या एका देवराईतल्या तळ्यातून मीटरभर चिखलाची कांडी काढली, मांडीवर घेऊन एसटीने कोल्हापूरला आणली, आठवडाभर धुतली-गाळली. स्लाइडवर काय? कोळशाचे कण आणि चार-दोन फाटके बीजाणू. परागकणाचं कवच स्पोरोपोलेनिनचं, आम्लालाही दाद न देणारं. पण गाळ सारखा ओला-सुका होत राहिला, हवा लागली, की तेही कुजतं. तळं दर उन्हाळ्यात आटायचं आणि मी गावात विचारलंच नव्हतं.

बॉटनीत एम.एस्सी. करून या विषयात यायचं असेल तर जुनं जंगल राहू द्या, आधी आजची फुलं गोळा करा. राधानगरी-दाजीपूरला प्रत्येक मोसमात जा, परागकोश आणा, स्वतःच्या हाताने संदर्भ-स्लाइड बनवा. गवताचा कण गोल, एका भोकाचा. दोन दिवसांत ओळखाल. घाम काढतात ते अंजनी आणि ऐन-हिरडा. दोन्हींच्या कणांवर सहा खाचा, तीन खऱ्या, तीन नुसत्या दिसायला. त्यामुळे बरेच अभ्यासक ती कुळं एकाच खात्यात टाकतात. अंजनी सदाहरित रानातली, ऐन पानझडीतला. म्हणजे जो फरक हवा तोच हरवतो!

गाळातली वाळू विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते कातडीला लागल्यावर लगेच दुखेलच असं नाही, पण आत हाडापर्यंत जातं. फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) आणि आम्ल लागलंच तर चोळायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल नसेल तर बाटली उघडायची नाही, सीनियर कितीही हसोत.

मग मोजणी. एका नमुन्याला साधारण ३०० कण, मान मोडेपर्यंत. झाडांचे कण घटले, गवत वाढलं, जोडीला कोळसा दिसला की 'इथे कुमरी शेती (रान जाळून केलेली फिरती शेती) झाली' असं लिहायला हात शिवशिवतो. थांबा. पाऊस कमी झाला तरी रान विरळ होतं आणि वणवे लागतात. गवत वाऱ्यावर भरमसाट पराग उधळतं, जांभूळ मधमाश्यांच्या भरवशावर; म्हणून स्लाइडवर गवत जास्त म्हणजे रानातही जास्तच, असं नाही. भाताचा कण रानगवतातून वेगळा काढणंही सोपं नाही.

पुढे संशोधनासाठी लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आहे. त्यासाठी नेट-जेआरएफच्या तयारीला आत्ताच लागा.

आता कुठल्याही तळ्यावर गेलो की गाळ काढायचा ऑगर पिशवीतच ठेवतो. आधी गुराख्याला विचारतो, "मामा, मे महिन्यात म्हशी कुठं डुंबत्यात?"